पंचनाम्यात उरलेलं नाटक

पॅरिसमध्ये सेन नदीच्या डाव्या काठावर, सां-जेर्मां बाजाराला लागून, माबियों नावाचा एक आखूड रस्ता आहे. तिथे काही घरांपुढे जमीन एकदम खाली जाते आणि दारापर्यंत पोचायला पायऱ्या उतराव्या लागतात. आजूबाजूचं शहर भर घालत वर आलं, ही खालची पातळी तेवढी जुनी राहिली. सां-जेर्मांची जत्रा याच पातळीवर भरायची. फेब्रुवारीच्या सुरुवातीला उघडायची आणि ईस्टरच्या आधीच्या रविवारी आवरायची. कापड, आरसे, चिनी मातीची भांडी, जुगाराचे अड्डे, दोरीवर चालणारे, कळसूत्री बाहुल्या, वाघ-सिंह. १७४९ साली बंगालमधून डच जहाजावरून आणलेली क्लारा नावाची गेंडीण इथेच दाखवली गेली आणि सारं पॅरिस ती बघायला लोटलं. या गर्दीत लाकडी मांडव ठोकून नाटकंही चालायची. तो सगळा बाजार १७६२ च्या मार्चमध्ये एका रात्रीत जळाला.

मी त्या पायऱ्यांपाशी गेलो तो एका पुस्तकामुळे. ‘ले स्पेक्ताक्ल द ला फ्वार’, म्हणजे जत्रेतले खेळ. दोन खंड, पॅरिस, १८७७. लेखक एमिल कांपार्दों. फ्रान्सच्या राष्ट्रीय दप्तरखान्यातला हा अभिलेखपाल. जन्म १८३७ चा, पॅरिसचाच, आणि मृत्यू १९१५ चा. त्याच्या नावावर वीसेक पुस्तकं आहेत, आणि तरी फ्रान्समध्येही त्याचं नाव बहुधा तळटिपेतच भेटतं. जत्रेतल्या नाटकांवर कोणी काहीही लिहिलं, की पानाच्या तळाशी कांपार्दों असतोच. ते नाव सारखं भेटत गेलं आणि माझं कुतूहल वाढत गेलं. या माणसाने नाटकाचा इतिहास ज्या कागदांतून उभा केला, ते कागद नाटकवाल्यांचे नव्हतेच. ते पोलिसांचे होते.

सतराव्या-अठराव्या शतकातल्या पॅरिसचा कारभार शातले नावाच्या न्यायकचेरीतून चाले. तिच्या हाताखाली अठ्ठेचाळीस कमिसार होते. कमिसार म्हणजे थोडा फौजदार, थोडा दंडाधिकारी आणि बराचसा कारकून. मोहल्ल्यात राहायचा, दार ठोठावणाऱ्याची फिर्याद लिहून घ्यायचा, बोलावलं तिथे जाऊन पंचनामा करायचा. नवरा-बायकोची मारामारी, घरभाड्याचा तंटा, नदीत सापडलेलं प्रेत, हरवलेलं घड्याळ: सगळं त्याच एका साच्यात. तारीख, वेळ, कोण आलं, काय म्हणालं, खाली सही. हे कागद वर्षानुवर्षं साठत गेले आणि क्रांतीनंतर नव्या राष्ट्रीय दप्तरखान्यात पोचले. नेपोलियनने १८०८ साली या दप्तरखान्याला मारे भागातला सुबीझ वाडा दिला. छतावर सोनेरी नक्षी, भिंतींवर चित्रं, आणि खोल्याखोल्यांतून कागदांचे गठ्ठे. शातलेच्या कागदांच्या दप्तरमालेला ‘वाय’ एवढंच एक अक्षर नाव आहे.

कांपार्दों या वाड्यात विशीच्या सुमारास दाखल झाला. त्याआधी तो ‘एकोल दे शार्त’मध्ये शिकला होता. १८२१ साली निघालेली ही शाळा जुने दस्तऐवज वाचायला शिकवते. तिथे तयार झालेला विद्यार्थी आपल्याकडच्या मोडीच्या जाणकारासारखा असतो. अक्षर कोणत्या कचेरीचं, कोणत्या पिढीचं, कुठे लेखकाने घाईने शब्द गिळलाय, हे त्याला नजरेनेच कळतं. पुढे सुमारे अर्धं शतक कांपार्दोंची नोकरी त्याच दप्तरखान्यात झाली.

सुरुवातीला त्याने हात घातला तो मोठ्या नावांना. क्रांतिकाळातल्या न्यायासनाचा इतिहास, राणी मारी आंत्वानेतच्या हिऱ्यांच्या हाराचा खटला, मादाम द पोंपादूर. ही पुस्तकं खपाऊ विषयांवरची आहेत आणि तेव्हा त्यांचं नावही झालं. मला त्यांच्यापेक्षा त्याने १८६५ साली संपादून छापलेली एक रोजनिशी जास्त बोलकी वाटते. ज्यां ब्यूवा हा राजग्रंथालयातला नकलनवीस. तुटपुंजा पगार, दिवसभर दुसऱ्याच्या मजकुराच्या नकला. १७१८ साली स्पेनच्या वकिलातीच्या कटाचे कागद नकलेसाठी त्याच्या हाती आले, आपण काय उतरवतोय हे त्याला उमगलं आणि त्याने सरकारला सावध केलं. ड्यूमाने पुढे त्याला कादंबरीत नेऊन बसवला. एका अभिलेखपालाने आपल्याच जातकुळीच्या, दीडशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाची वही छापावी, यात मला नुसता योगायोग दिसत नाही. नकलनवीस जे वाचतो ते साहेब वाचत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

मग १८७१ आलं. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पॅरिस कम्यून चिरडला जात होता आणि शहर पेटलं होतं. नगरभवन जळालं, न्यायभवन जळालं, पोलिसांची मुख्य कचेरी जळाली. पॅरिसच्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या वह्यांचा एक संच एकीकडे आणि दुसरा दुसरीकडे ठेवलेला होता. एक गेला तरी दुसरा राहावा म्हणून केलेली ही सोय. दोन्ही एकाच आठवड्यात गेले. अडीच-तीन शतकांतल्या लाखो पॅरिसकरांचा जन्म-मृत्यूचा पुरावा राख झाला. सुबीझ वाडा मात्र वाचला. कम्यूनने सरकारी छापखान्यावर नेमलेला लुई-गीयोम दबोक हा जुळारी कामगार होता, आणि शेजारचा दप्तरखाना पेटवायला त्याने ठाम विरोध केला. दप्तरखान्याचा प्रमुख आल्फ्रेद मोरीही जागचा हलला नव्हता. ‘वाय’ मालेतले गठ्ठे आज उघडता येतात, त्यात दबोकचा वाटा आहे. त्याचं नाव आपल्याकडच्या वाचकालाही माहीत असावं असं मला वाटतं.

त्याच १८७१ साली कांपार्दोंचं मोलिएरवरच्या अप्रकाशित कागदांचं पुस्तक निघालं. मोलिएरच्या हातची नाटकाची एकही संहिता उरलेली नाही, पत्रं नाहीत. त्याचं चरित्र दुसऱ्यांच्या कागदांतून वेचावं लागतं, आणि वेचणाऱ्यांची एक परंपराच फ्रान्समध्ये झाली. तिच्यातला पहिला मोठा माणूस लुई-फ्रांस्वा बेफारा. तो स्वतः पॅरिसमध्ये पोलीस कमिसार होता. निवृत्तीनंतर त्याने चर्चच्या वह्या पालथ्या घातल्या आणि मोलिएरचा बाप्तिस्मा १५ जानेवारी १६२२ रोजी सां-तस्ताश चर्चमध्ये झाला, हे १८२१ साली छापून सिद्ध केलं. त्याआधी जन्माचं सालसुद्धा चुकीचं सांगितलं जाई. ती मूळ वही १८७१ च्या आगीत गेली. बेफाराने नगर-ग्रंथालयाला दिलेल्या हस्तलिखितांतलीही बरीचशी गेली. छापलेलं तेवढं राहिलं.

दुसरा यदोर सुलिए. त्याने नोटरींच्या दप्तरांत शोध घेऊन मोलिएरच्या मृत्यूनंतर झालेली घरातल्या चीजवस्तूंची यादी मिळवली आणि १८६३ मध्ये छापली. त्या यादीत खुर्च्या-पलंगांबरोबर नाटकांचे पोशाखही आहेत. ‘स्गानारेल’ या नाटकातल्या संशयी नवऱ्याचा पोशाख, तुमान, अंगरखा, झगा, गळपट्टी आणि जोडे धरून, सगळा किरमिजी साटिनचा. हे वाचताना मी जागच्या जागी थांबलो. १६६० चं हे नाटक आर्थर मर्फीने इंग्रजीत नेलं, मर्फीवरून गोविंद बल्लाळ देवलांनी मराठीत आणलं आणि त्याचंच पुढे ‘संशयकल्लोळ’ झालं. आपल्या फाल्गुनरावाचा हा पणजोबा. त्याच्या अंगावरचं कापड कोणतं होतं आणि रंग कोणता, हे साडेतीनशे वर्षांनंतर आपल्याला सांगता येतं, कारण एका नोटरीच्या कारकुनाने मालमत्तेची किंमत लावताना ते लिहून ठेवलं.

पण मोलिएर झाला तरी राजाश्रयाचा माणूस. त्याच्या मंडळीत लाग्रांज नावाचा नट होता. रोजचा गल्ला, रोजचं नाटक तो वहीत टिपायचा. १६८० साली चौदाव्या लुईच्या हुकमाने ‘कोमेदी-फ्रांसेज’ स्थापन झाली, तिनेही हिशेब चोख ठेवले. ऑपेराची स्वतःची दप्तरं होती. ज्यांच्याकडे मक्ता होता त्यांच्याकडे वह्या होत्या. जत्रेतल्या मांडवात नाचणाऱ्या, उड्या मारणाऱ्या, टवाळी करणाऱ्या माणसांची वही कोण ठेवणार? त्यांची नोंद झाली ती त्यांच्यावर फिर्याद झाली तेव्हाच. कांपार्दोंला हे कळलं होतं, आणि त्याच्या साऱ्या कामात मला मोठेपण दिसतं ते या ठिकाणी.

या फिर्यादींमागचा झगडा मुळातूनच सांगायला हवा. पॅरिसमध्ये फ्रेंचमधून संवाद बोलण्याचा मक्ता कोमेदी-फ्रांसेजचा. संगीत नाटकाचा मक्ता १६७२ पासून लुलीच्या ऑपेराकडे. इटालियन मंडळी तिसरी, पण १६९७ साली राजाने त्यांना हाकलून दिलं. त्यांचं थिएटर बंद झालं तशी त्यांची पात्रं आणि त्यांचे खेळ जत्रेतल्या डोंबाऱ्यांनी उचलले. अर्लकँ, स्कारामूश आणि बाकीचे दोरीवरून खाली उतरून बोलू लागले. लोक कोमेदी-फ्रांसेज सोडून जत्रेत जाऊ लागले. गल्ला घटला तसे कोमेदी-फ्रांसेजचे राजनट कोर्टात गेले आणि कोर्टाने हुकूम दिला: जत्रेत संवाद नको.

संवाद नको, तर स्वगत चालेल? एक जण बोलू लागला, दुसरा हातवाऱ्यांनी उत्तर देऊ लागला. किंवा दुसरा कानात कुजबुजे आणि पहिला तेच वाक्य प्रश्नासारखं मोठ्याने म्हणे. किंवा बोलून झालं की एकाने विंगेत पळायचं आणि दुसऱ्याने बाहेर येऊन बोलायचं. रंगमंचावर बोलणारा एका वेळी एकच. हुकूम अक्षरशः पाळला आणि नाटकही झालं. राजनटांच्या भारदस्त शोकांतिकांची नक्कल करताना जत्रेचे नट त्याच चालीत, त्याच लयीत निरर्थक अक्षरं घोकत. लोक हसून लोळत, आणि एकही शब्द नसल्यामुळे फिर्याद करणारा गोंधळे. १७०९ साली तर राजनट कोर्टाचा हुकूम आणि सुतार घेऊन मांडव पाडायलाच आले. मालकाने तो पुन्हा उभा केला आणि खेळ लावला. पुन्हा येऊन पाडला.

त्यानंतर बोलायचीच बंदी आली तेव्हा जत्रेच्या नटांनी जे काढलं, त्याला तोड नाही. नट उजव्या खिशातून कागदाची गुंडाळी काढून प्रेक्षकांसमोर धरायचा आणि दाखवून झाली की डाव्या खिशात टाकायचा. पुढे खिसे अपुरे पडले. मग कामदेवाच्या वेशातली दोन पोरं वरून लोंबकळत फलक उलगडू लागली. फलकावर गाण्याचे शब्द, ओळखीच्या चालीवर बांधलेले. व्हायोलिनवाला चाल सुरू करून द्यायचा, गर्दीत पेरलेले चार जण सूर धरायचे आणि सगळं थिएटर गाऊ लागायचं. नट मुके, प्रेक्षक गायक. बंदी नटांवर होती, गिऱ्हाइकांवर नव्हती. ‘जिल ब्लास’ कादंबरीचा कर्ता लसाज या फलकांसाठी नाटकं लिहीत होता. या गाण्यांतून आणि पुढे ऑपेराकडून पैसे मोजून घेतलेल्या परवानगीतून ‘ऑपेरा-कोमिक’ हा प्रकार जन्माला आला. १७२२ मध्ये एकाच नटाला बोलायची मुभा उरली तेव्हा पिरोंने ‘अर्लकँ-द्युकालियों’ लिहिलं. प्रलयात सारी माणसं बुडालीत, एकटा अर्लकँ पिपावर बसून तरंगत किनाऱ्याला लागतो. बोलायला दुसरं कोणी जगलेलंच नाही!

या सगळ्या काळात मांडवात कमिसार बसलेला असायचा. राजनटांनी विनंती केली की तो यायचा, इतरांसारखाच जागेवर बसायचा आणि लिहायचा. किती नट, कोणाच्या वेशात. कोण बोललं, कोणाशी, मोठ्याने की हळू. उत्तर तोंडाने आलं की हाताने. गुन्हा सिद्ध करायचा म्हणजे हे सगळं टिपावंच लागे. नाटकाचं तोंड बंद करायला नेमलेला माणूस नाटकाच्या तोंडून काय निघालं ते लिहीत बसला होता. नाट्यसमीक्षक रंगमंचाकडे इतक्या बारकाईने क्वचितच बघतात. आपल्याकडे १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा आला आणि १९१० मध्ये खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर त्याचा बडगा पडला, तेव्हाही नाटकातलं वाक्य न् वाक्य कान देऊन तपासलं होतं ते सरकारनेच.

कांपार्दोंने हे पंचनामे शोधले, वाचले आणि छापले. ‘वाय’ मालेत नाटकाचा वेगळा कप्पा नाही. अठ्ठेचाळीस कमिसारांच्या रोजच्या कागदांत, चोऱ्या आणि प्रेतांच्या मध्ये कुठेतरी एखाद्या नर्तकीची फिर्याद असते. ती सापडायला तिच्या आधीचं आणि नंतरचं सगळं नजरेखालून घालावं लागतं. ही मेहनत त्याने कुठेही मिरवलेली नाही. पुस्तकात तो जवळजवळ दिसतच नाही. माणसाचं नाव, चार ओळींची ओळख आणि खाली अख्खा कागद. रचना अकारविल्हे. त्याच्या लांबलचक उपशीर्षकात नट आहेत, उड्या मारणारे आहेत, दोरीवरचे नर्तक, राक्षसी देहाची माणसं, बुटके, शिकवलेली जनावरं, कळसूत्री बाहुल्या, मेणाचे पुतळे, यांत्रिक खेळ, सगळे आहेत आणि वर्णमालेने सगळ्यांना एका ओळीत बसवलंय. थोर नट आधी आणि माकडवाला शेवटी, असं नाही. विधवा मोरिस, म्हणजे नवऱ्यामागे फड चालवणारी झान गोद्फ्रवा, ही बाई मालकीण म्हणून स्वतःच्या नावाने तिथे उभी आहे. १७०८ साली ऑपेराच्या संचालकाकडून गाण्या-नाचण्याची परवानगी विकत घेणाऱ्यांत ती होती.

राजवाड्यांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा. कागद आधी, कथा मागाहून, ही त्यांची शिस्त आपण मानतो. कांपार्दों त्याच शिस्तीचा, फक्त राजवाड्यांसारखी शंभर पानांची प्रस्तावना लिहिण्याची ओढ त्याला नव्हती. राजनटांवर त्याने १८७९ मध्ये पुस्तक काढलं, इटालियन मंडळींवर १८८० मध्ये, ऑपेरावर १८८४ मध्ये, साचा तोच. सात-आठ वर्षांत पॅरिसच्या चारही रंगभूमींचा दस्तऐवज एकट्याने छापून काढला. १९०० साली मोरिस आल्बेरने जत्रेतल्या थिएटरांचा सलग, वाचनीय इतिहास लिहिला, तेव्हा पाया तयार होता.

त्याच्या कामाला मर्यादा आहेत आणि त्या दडवण्याचं कारण नाही. खमंग भांडणांकडे त्याचा ओढा होता. नटीच्या घरातली रडारड, दागिन्यांची चोरी, प्रियकराची मारहाण: पोंपादूरवर लिहिणाऱ्या लेखकाची नजर इथेही जागी आहे. दुसरी मर्यादा कागदांचीच. पोलीस येतो तो बिघडलं की येतो. ज्या रात्री खेळ रंगला, कोणी कोणाला मारलं नाही, राजनटांना सुगावा लागला नाही, त्या रात्रीचा पंचनामा नाही. हजारो रात्री अशा असणार. त्याच्या पानांत जत्रेचे लोक कायम भांडताना, पकडले जाताना, दंड भरताना दिसतात आणि वाचणाऱ्याला वाटू लागतं की ते असेच होते. पुढे शंभर वर्षांनी आर्लेत फार्ज या इतिहासकार बाईंनी अठराव्या शतकातल्या पॅरिसच्या पोलिसी आणि न्यायालयीन कागदांतून गरिबांचं जगणं उभं केलं, तेव्हा हा धोका ओळखूनच केलं. फिर्यादीतला माणूस बोलतो तो अधिकाऱ्यासमोर, थोडा घाबरून, थोडं रचून. पण बोलतो. त्याचं बोलणं दुसरीकडे कुठेही नाही.

‘जत्रेतले खेळ’ची मुदत मुखपृष्ठावरच आहे: १५९५ ते १७९१. सुरुवातीला प्रांतातून आलेले नट जत्रेत खेळ लावतात आणि पॅरिसच्या रंगभूमीचा मक्ता सांगणारी जुनी मंडळी त्यांना कोर्टात खेचते. शेवटी १३ जानेवारी १७९१ चा कायदा येतो, वाटेल त्या नागरिकाला थिएटर उघडायची मुभा मिळते आणि मक्ता संपतो. मक्ता संपला तशी त्या जातीची फिर्याद संपली आणि कांपार्दोंचं पुस्तकही तिथेच थांबतं. त्यानंतरच्या मोकळ्या काळातल्या छोट्या थिएटरांबद्दल कमिसार काही सांगत नाही.

कांपार्दोंचं एक उशिराचं काम १९०६ सालचं. अलेक्सांद्र त्युतेबरोबर केलेली ही शातलेच्या सोळाव्या शतकातल्या दस्त-नोंदणी वह्यांची जंत्री. बक्षीसपत्रं, लग्नाचे करार. नाटक नाही, राणी नाही, घोटाळा नाही. सत्तरीकडे आलेला माणूस साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या अनोळखी लोकांच्या नावांची यादी करत होता, पुढच्याला सापडावं म्हणून.

सुबीझ वाडा आजही त्याच जागी आहे. क्रांतीनंतरचं बरंचसं दप्तर २०१३ पासून शहराबाहेर प्येरफितला गेलं, पण जुन्या राजवटीचे कागद मारेतच आहेत. मी हे पुस्तक वाचलं ते मात्र घरी बसून, फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने पडद्यावर मोफत ठेवलेल्या प्रतीतून. एका पंचनाम्यावरून दुसऱ्यावर जाताना एक गोष्ट सतत जाणवत राहिली. कमिसार बसतो, टिपतो, बोलणारे दोन झाले की त्याचं काम होतं. टिपण गुन्ह्यापुरतं, पुढच्या अंकाशी त्याला कर्तव्य नसतं.

माबियों रस्त्यावरच्या त्या पायऱ्यांपाशी मी बराच वेळ उभा होतो. वर बाजाराच्या कमानीखाली दुकानं उघडत होती. खाली, जुन्या पातळीवर, कोणाचं तरी बंद दार होतं. ते नाटक मात्र, कमिसार उठून गेल्यावरही, इथेच कुठेतरी पुढे चालू राहिलं असणार.